मांसासाठी डुक्कर पाळायचंय? खान्देशात जात निवडताना आधी स्वभाव बघा, मग वजन

म्हैस घ्यायला बाजारात गेलेला खान्देशातला शेतकरी दोन प्रश्न हमखास विचारतो. दूध किती देते? आणि मारकी तर नाही ना?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर घोड्याचा स्वभाव बघण्यात अर्धा दिवस जातो. बैल घेताना दात मोजले जातात, पण त्याआधी मालक त्याच्या मागून बिनधास्त जातोय का, हे बघितलं जातं. जनावराचा स्वभाव बघून पैसे मोजायचे, ही आपल्याकडची जुनी अक्कल आहे.

पण विषय डुकराचा निघाला की ही अक्कल कुठं जाते कळत नाही.

मोबाईलवर वराहपालनाचे व्हिडीओ बघा. "८ महिन्यांत १०० किलो", "एका वेताला १२ पिल्लं", "कमी खर्चात लाखोंची कमाई" असं सगळं सांगितलं जातं. ते डुक्कर गरीब आहे की मारकं, हे कुणी सांगत नाही. आणि जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात त्याचं काय होतं, हे तर अजिबातच सांगत नाही.

या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. तीच आज सोडवून बघू.

स्वभावाचा आणि नफ्याचा काय संबंध?

आता तुम्ही म्हणाल, जनावर शेवटी मांसासाठीच विकायचंय, मग ते गरीब असलं काय आणि तापट असलं काय?

फरक पडतो. पाच ठिकाणी पडतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा जीव. पूर्ण वाढलेली डुकरीण दीडशे किलोच्या पुढे जाते, पैदाशीचा नर त्याहून मोठा होतो आणि त्याला सुळे असतात. डुक्कर मान खालून वर झटकतं. तो सुळा माणसाच्या नेमका पोटरीला किंवा मांडीला लागतो.

दुसरी गोष्ट पिल्लांची. डुकरीण ११४ दिवसांत विते. लक्षात ठेवायला सोपं, ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस. जन्मलेलं पिल्लू असतं जेमतेम १ किलोचं. आई घाबरट, अस्वस्थ असेल तर ती सारखी उठबस करते आणि पिल्लं तिच्याखाली चिरडतात. काही डुकरिणी, विशेषतः पहिलटकरणी, स्वतःच्या पिल्लांना चावतात, मारूनही टाकतात. १० पिल्लांतली ४ अशी गेली की त्या वेताचा नफा गेला.

तिसरी गोष्ट भांडणाची. तापट डुकरं एकमेकांच्या शेपट्या आणि कान चावतात. जखम चिघळते, वाढ थांबते.

चौथी गोष्ट रोजच्या कामाची. लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, वजन करायचं, गाडीत चढवायचं. जनावर जवळ येऊ देत नसेल तर ही कामं टळत जातात. आणि टळलेल्या लसीची किंमत साथ आली की कळते.

पाचवी गोष्ट थेट मांसाची. कत्तलीच्या आधी डुक्कर फार घाबरलं, धावलं, तापलं तर त्याच्या स्नायूंत आम्ल झपाट्याने वाढतं. असं मांस फिकट पडतं, मऊ होतं आणि त्यातून पाणी सुटतं. जाणकार खाटीक ते हातात घेताच ओळखतो आणि भाव पाडतो.

काही डुकरांत तर हा घाबरटपणा रक्तातच असतो. बेल्जियमची पिएट्रेन ही जात आणि लँड्रेसचे काही वंश यासाठी बदनाम होते. गाडीत चढवताना, उन्हात, भांडणात अशी डुकरं थरथरायची आणि उभ्याउभ्या मरायची. १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्यामागचा नेमका जनुकबदल शोधून काढला. त्यानंतर अनेक देशांतल्या पैदासकारांनी तपासण्या करून तो वंशातून हटवायला सुरुवात केली.

म्हणजे स्वभाव हा हौसेचा मामला नाही. तो वजनात, पिल्लांत आणि भावात उतरतो.

मग डुक्कर मारकं का होतं?

याची कारणं चार आहेत आणि जात हे त्यातलं फक्त एक.

पहिलं कारण जात आणि वंश. काही जाती शांत म्हणून नावाजलेल्या आहेत. पण एकाच जातीत शांत आईची पिल्लं शांत आणि तापट आईची तापट निघण्याचा कल असतो. म्हणून नुसतं जातीचं नाव पुरत नाही, घराणंही बघावं लागतं.

दुसरं कारण नर. खच्ची न केलेला नर वयात आला की माज, भांडण आणि सुळे या तिन्ही गोष्टी सुरू होतात. वर त्याच्या मांसाला एक उग्र वास येतो, जो शिजवल्यावर जास्तच जाणवतो. त्यामुळे मांसासाठी वाढवायची नर पिल्लं लहानपणीच, साधारण २ ते ४ आठवड्यांची असताना, पशुवैद्यकाकडून खच्ची करून घेतात. तुम्ही ज्याला "गरीब डुक्कर" म्हणता, त्यातला बराच गरीबपणा या एका कामातून येतो.

तिसरं कारण आपण स्वतः. ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हेम्सवर्थ यांनी १९८० च्या दशकापासून यावर बरंच काम केलं. त्यांना दिसलं ते असं, की ज्या डुकरांना सांभाळणारा माणूस ढकलतो, मारतो, ती माणसाला घाबरतात. आणि घाबरलेली डुकरं वाढायलाही मागे पडतात आणि विण्यातही. खुराक तोच, गोठा तोच, तरी फरक पडतो तो हाताळणाऱ्या माणसामुळे. आपल्याकडची म्हातारी माणसं गाईच्या पाठीवरून हात फिरवून मगच धार काढायला बसतात, ते उगाच नाही.

चौथं कारण गैरसोय. दाटी, तहान, भूक, कंटाळा आणि ऊन. यातलं शेवटचं खान्देशात सगळ्यात मोठं.

डुकराचा कूलर म्हणजे चिखल

डुक्कर चिखलात लोळतं म्हणून ते घाण, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

खरं कारण वेगळं आहे. डुकराला घाम जवळपास येतच नाही. म्हशीलाही घाम कमी, म्हणून ती डबक्यात बसते. डुकराचं तेच. ओला चिखल अंगावर वाळताना उष्णता खेचून घेतो. भुसावळमधल्या घराच्या खिडकीत वाळ्याचा कूलर जे काम करतो, तेच काम चिखल करतो.

बरं, जागा पुरेशी असेल तर डुक्कर खातं-झोपतं एका कोपऱ्यात आणि विष्ठा टाकतं दुसऱ्या कोपऱ्यात. कोंडून, दाटीत, उन्हात ठेवलं की मग जे मिळेल त्यात लोळतं. ती घाण त्याची नाही, आपण दिलेल्या जागेची असते.

वाढत्या डुकराला मानवतं ते साधारण १८ ते २५ अंश तापमान. तिशीच्या पुढे ते खाणं कमी करतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. जितकं डुक्कर मोठं आणि चरबीदार, तितका त्याला त्रास जास्त. लहान पिल्लाला उलट ऊब लागते.

उन्हाने बेजार झालेलं डुक्कर धापा टाकतं, चिडतं, पाण्याच्या जागेसाठी दुसऱ्याला चावतं. तुम्हाला वाटतं जात मारकी निघाली. जात बिचारी ठीक असते, शेडचा पत्रा तापलेला असतो.

आता जातींकडे येऊ

लार्ज व्हाइट यॉर्कशायर. भारतात सगळ्यात जास्त पसरलेली विदेशी जात. इंग्लंडच्या यॉर्कशायरची, पांढरी, उभ्या कानांची. पिल्लं भरपूर, वाढ चांगली आणि स्वभावाने बऱ्यापैकी शांत. अडचण एकच, पांढरी कातडी. खान्देशच्या उन्हात ती भाजते, लाल होते, सोलते. पक्की सावली आणि पाणी असेल तरच हिच्या वाटेला जा.

लँड्रेस. मूळ डेन्मार्कची. अंग लांब, कान डोळ्यांवर पडलेले. आई म्हणून उत्तम, दूध भरपूर, हाताळायला सोपी. पण ही नाजूक. ऊन, कमी खुराक, खडबडीत जमीन हिला सोसत नाही. वर सांगितलेल्या घाबरटपणाच्या दोषासाठी वंश विचारून घ्यावा, तो हिचाच.

ड्युरॉक. अमेरिकेची, विटकरी-लाल रंगाची. वाढीला आणि मांसाच्या चवीला नावाजलेली. शेवटच्या संकरात नर म्हणून वापरतात. नवख्याने शुद्ध ड्युरॉक नर पाळायच्या फंदात पडू नये, त्याच्या रक्ताची पिल्लं घ्यावीत.

हॅम्पशायर. काळी, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा. अंग सडसडीत, चरबी कमी. ईशान्य भारतातल्या संकरांत हिचा वाटा मोठा आहे.

बर्कशायर. इंग्लंडची काळी जात, शांत स्वभावासाठी आणि चवीसाठी प्रसिद्ध. जपानात हिचं मांस 'कुरोबुता' म्हणजे काळं डुक्कर या नावाने महाग विकलं जातं.

आता आपल्या देशातल्या जाती.

घुंगरू. उत्तर बंगालची. काळी, बुलडॉगसारखं चपटं तोंड, मोठे लोंबते कान. एका वेताला ६ ते १२ पिल्लं. शेतातला आणि स्वयंपाकघरातला उरलासुरला माल खाऊन वाढते. आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नर आणि मादी दोन्ही गरीब, हाताळायला सोपे, अशीच हिची ख्याती आहे. भारतातली "चांगल्या स्वभावाची" जात कोणती असं एका शब्दात विचारलं, तर पहिलं नाव हेच घ्यावं लागेल.

अगोंडा गोवन. आपल्या शेजारची. गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावावरून हे नाव पडलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने हिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. काटक, लहान अंगाची, पण वाढ सावकाश. शिवाय ही दमट किनाऱ्यावर घडलेली, आपलं ऊन कोरडं.

गावठी. आपल्या गावांत दिसतं ते काळं, लांब तोंडाचं डुक्कर. ऊन सोसतं, आजार सोसतं, पण वाढ फार हळू. लोक त्याला मारकं म्हणतात. खरं तर ते भित्रं असतं, कारण जन्मभर दगड खाऊनच वाढलेलं असतं. लहानपणापासून हाताळलं तर तेही माणसाळतं.

आणि एक जात अजिबात नको. रानडुक्कर. सातपुड्याच्या कडेला मक्यात, भुईमुगात घुसणारं रानडुक्कराचं पिल्लू सापडलं म्हणून ते घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि मोठं झाल्यावर ते काय करेल हे वेगळं सांगायला नको.

शुद्ध जात की संकर?

मांसासाठी पाळणाऱ्याला बहुतेक वेळा संकरच परवडतो. अर्धा काटकपणा देशी बाजूने, अर्धी वाढ विदेशी बाजूने.

देशात यावर ठरवून काम झालंय. गुवाहाटीजवळ राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हॅम्पशायर आणि घुंगरू मिळून 'राणी' हा संकर तयार केला. त्यात ड्युरॉक मिसळून 'आशा' तयार झाला. म्हणजे घुंगरूचा गरीबपणा, हॅम्पशायरचं कमी चरबीचं अंग आणि ड्युरॉकची वाढ एकत्र. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने लँड्रेस आणि उत्तर प्रदेशची देशी घुर्रा मिळून 'लँडली' आणला. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने टॅमवर्थ आणि देशी काळ्या डुकराचा 'झारसुक' दिला.

यातला लँडली आपल्यासाठी ध्यानात ठेवण्यासारखा, कारण बरेलीत उन्हाळा कडक असतो.

ही पिल्लं लगेच गावात मिळतील असं नाही. पण तत्त्व घेता येतं. गडद रंगाचा, देशी रक्ताचा किमान चौथा ते अर्धा हिस्सा असलेला, शांत आईचा संकर. खान्देशासाठी उत्तर साधारण इथे येऊन थांबतं.

एक खुलासा. गडद कातडी भाजत नाही हे खरं, पण काळा रंग उष्णता जास्त शोषतो हेही खरं. त्यामुळे सावली दोघांनाही लागतेच.

पिल्लू घेताना काय बघायचं?

फोनवर फोटो बघून पैसे पाठवू नका. स्वतः जा, आणि जेवणाच्या वेळी जा.

आधी आईला बघा. तुम्ही कुंपणाशी उभे राहिल्यावर ती काय करते? मान वर करून बघितलं आणि पुन्हा खायला लागली, तर उत्तम. अंगावर धावून आली किंवा भिंतीला धडका घेत पळाली, तर तिची पिल्लं सोडा.

मग मालकाला आत जायला सांगा. मालक काठीशिवाय आत जातोय का, हे बघा. जनावराचा स्वभाव मालकाच्या हातातल्या काठीवरून कळतो.

मग पिल्लांजवळ शांत उकिडवे बसा. भली पिल्लं आधी पळतात, मग दोन-तीन मिनिटांत हुंगायला परत येतात. जी कोपऱ्यात थरथरत बसतात किंवा दुसऱ्यांवर तुटून पडतात, ती नकोत.

शेपट्या आणि कान बघा. चावलेले असतील तर त्या कळपात भांडणं आहेत.

आईला वेताला किती पिल्लं झाली आणि किती जगली, हे दोन्ही आकडे विचारा. १२ झाली आणि ५ जगली, तर त्या १२ ला काही अर्थ नाही.

नवख्याने ८ ते १० आठवड्यांची, दूध तुटलेली पिल्लं घ्यावीत. नर खच्ची केलेले, माद्या चालतील. सुरुवातीला ६ ते १० पुरे. पैदाशीचा नर पहिल्या वर्षी पाळूच नये, निम्मी डोकेदुखी तिथेच टळते. एकाच घरची पिल्लं घेतली तर भांडणं आणखी कमी, कारण ती एकमेकांना ओळखतात.

खान्देशाचं कॅलेंडर

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट.

पिल्लू २ महिन्यांचं असताना घेतलं, तर चांगला संकर साधारण ७-८ महिन्यांचा होईतो विकण्याजोगा होतो, म्हणजे ८० किलोच्या पुढे. याचा अर्थ तुमच्याकडे ते राहतं साधारण ६ महिने.

मग हे ६ महिने कोणते, हे तुम्ही ठरवू शकता.

पोळ्याच्या आसपास, ऑगस्ट-सप्टेंबरात पिल्लं आणा. होळीच्या आत माल विका. वाढीचा सगळा जोर हिवाळ्यात येतो, थंडीत खाणं वाढतं, डुकरं शांत राहतात. एप्रिल-मेची भट्टी पेटते तेव्हा तुमचं शेड रिकामं. ते धुऊन, चुना मारून, वाळवून ठेवा. आजाराची साखळीही तुटते.

उलट फेब्रुवारीत पिल्लं आणली, तर ती सगळ्यात जड होणार जुलै-ऑगस्टला, आणि वाढीचे ऐन महिने उन्हात जाणार. तीच जात, तोच खुराक, पण वजनही कमी भरणार आणि चिडचिडही जास्त.

पैदास करणाऱ्याला मात्र उन्हाळ्यातून सुटका नाही. त्याने शेड उंच बांधावं, लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा केळीची वाळलेली पानं टाकावीत, दुपारी सावलीत फवारा द्यावा आणि खुराक पहाटे नि रात्री द्यावा. विण्याच्या जागी भिंतीपासून आणि जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटरवर लोखंडी पाईप लावला, तर आई आडवी होताना पिल्लांना निसटायला जागा राहते.

खुराक: केळी आहे, पण सरकी सांभाळून

मांसाच्या डुकराला १ किलो वजन वाढवायला साधारण ३ ते ४ किलो खुराक लागतो. खर्चाचा मोठा हिस्सा इथेच जातो. खान्देशची जमेची बाजू ही, की इथे मका आहे, जळगावच्या डाळ मिलची चुनी आहे, शेंगदाणा आणि सोयाबीनची पेंड आहे, रावेर-यावलची छाटलेली केळी आहे.

केळी डुकरं आवडीने खातात, कच्चीपेक्षा पिकलेली जास्त. पण तिच्यात पाणी खूप आणि प्रथिनं नावापुरती. नुसत्या केळीवर डुक्कर वाढत नाही. मका भरडा, चुनी, पेंड आणि क्षार मिश्रण जोडीला हवंच. पेंड बुरशी लागलेली अजिबात नको.

आता सावधगिरी. म्हशीला आपण सरकी पेंड सर्रास घालतो. डुकराला ती घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. म्हशीच्या चार कप्प्यांच्या पोटात ते बऱ्यापैकी निकामी होतं. डुकराचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं. ते विष हळूहळू साचत जातं, हृदय आणि यकृत बिघडतं आणि चांगलं खातं-पितं डुक्कर अचानक मरतं.

दुसरी गोष्ट हॉटेलच्या उष्ट्याची. शेवभाजी, फरसाण, लोणचं, सगळं खारट. त्यात उन्हाळ्यात पाणी संपलं, तर मिठाने डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, आचके देतं. लोकांना वाटतं पिसाळलं. चोवीस तास स्वच्छ पाणी आणि उकळून थंड केलेलं उष्टं, हे दोन नियम मोडू नका.

उकळण्याचं कारण आणखी मोठं आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर. २०२० मध्ये हा आजार भारतात पहिल्यांदा अरुणाचल आणि आसाममध्ये सापडला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा कळपच्या कळप संपवतो. भारतात पशुपालकांसाठी त्याची लस नाही. मांसाच्या उष्ट्यातून, गाडीच्या चाकांतून, बुटांतून तो पसरतो. जुन्या क्लासिकल स्वाइन फीवरची लस मात्र आहे, ती चुकवू नका.

साथ आली की काय होतं, हे खान्देशाला सांगायची गरज नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही कोंबड्या मारायची वेळ आली. अशा वेळी नुकसान पाळणाऱ्याचंच होतं. म्हणून नवी डुकरं आणली की निदान ३ आठवडे वेगळी ठेवा.

शेजारी आणि गिऱ्हाईक

डुकराचा स्वभाव कितीही गरीब असला, तरी गावाचा स्वभाव बघावा लागतो.

गावोगावी मोकाट डुकरांवरून भांडणं आहेत, नगरपालिका मोहिमा काढतात. त्यात रागाचा सगळा भार पिढ्यानपिढ्या डुकरं पाळणाऱ्या, गावकुसाबाहेर ढकललेल्या लोकांवर पडतो. मोकाट डुक्कर माणसाची विष्ठा खातं आणि त्यातून पट्टकृमीचं चक्र चालू राहतं. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. बंदिस्त, धुतलेल्या शेडमधलं, तपासलेल्या खुराकावर वाढलेलं डुक्कर ही साखळी तोडतं. शेजाऱ्याला पटवायचं असेल तर हे दाखवून पटवा. वस्तीपासून, प्रार्थनास्थळांपासून आणि विहिरीपासून लांब जागा घ्या, ग्रामपंचायतीची ना हरकत आधी घ्या.

आणि गिऱ्हाईक पिल्लांच्या आधी शोधा. खान्देशात डुकराच्या मांसाला रोजचा मोठा बाजार नाही. माल बहुतेक वेळा नाशिक, पुणे, मुंबईकडेच बघतो. वाहतूक कोण करणार, वजन कुठे होणार, पैसे कधी मिळणार, हे लेखी ठरल्याशिवाय शेडची वीटही लावू नका. "पिल्लं आमची घ्या, माल आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्यांपासून तर जपूनच राहा. २०१९ चं कडकनाथ कोंबडीचं प्रकरण महाराष्ट्र अजून विसरलेला नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या पैदास केंद्राला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. आकडा मोठा आहे, पण अनुदानासाठी शंभरावर उडी मारण्याआधी दहा डुकरांचा एक हिवाळा काढून बघा. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादचं, धुळ्यात धुळ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चक्कर मारा.

तर हिशोब असा. गडद रंगाचा संकर, शांत आईची खच्ची केलेली पिल्लं, पोळ्याला आणा आणि होळीच्या आत विका. सरकी नको, उकळल्याशिवाय उष्टं नको. आणि रोज खुराक टाकताना दोन मिनिटं त्यांच्यात उभे राहा, पाठ खाजवा.

डुकराला पाठ खाजवलेली फार आवडते. आठवड्याभरात ते तुमचा आवाज ओळखून दाराशी येतं. आणि जे डुक्कर स्वतःहून दाराशी येतं, त्याला लस टोचायला चार माणसं लागत नाहीत.